बाशिंग्याची घाटी

तात्याबाच्या डाव्या कानात घाटी वाजायला लागली, तेव्हा बाशिंग्या नुकताच हरवला होता. त्यामुळं कान बिघडलाय हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बाशिंग्या हाक मारतोय, असंच सगळे समजले.

बाशिंग्या म्हणजे मेंढा. कपाळावर पांढऱ्या लोकरीचा झुबका, नवऱ्यानं बाशिंग बांधावं तसा. पण खाण्यातला मेंढा नव्हे, बिरोबाला सोडलेला. तात्याबाच्या घरची ही जुनी रीत. मेंढरांच्या खांडीत एक नर देवाच्या नावाचा राखायचा. तो विकायचा नाही, कापायचा नाही, त्याच्यावर काठी सोडा, हातसुद्धा उगारायचा नाही. गळ्यात पितळेची घाटी, म्हणजे छोटी घंटा, बांधायची. तो पुढं चालला की मागं सगळी मेंढरं चालतात. तो मेला की त्याला माळावर पुरायचा आणि घाटी दुसऱ्याच्या गळ्यात चढवायची. तात्याबा घोड्यावरच्या झोळीत टॅहॅ टॅहॅ करत होता तेव्हापासून त्याच्या कानावर तीच घाटी.

दहिवडीच्या अलीकडं, माण तालुक्याच्या उघड्या माळावर त्याचं गाव. दिवाळी सरली की मेंढरं घेऊन खाली उतरायचं, पलूसच्या अंगाला. तिथं ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसवायची. रानाला लेंडीखत मिळतं, मेंढरांना पाला मिळतो. लालासाहेबाचं रान ठरलेलं. लालासाहेब म्हणजे फौजेतून पेन्शनीत आलेला गडी. ऊस, थोडी द्राक्षं, आणि तोंडात कायम शिवी.

मेंढक्याचं पोट कानावर असतं, हे शहरातल्या माणसाला सांगून पटत नाही. डोळ्याला किती दिसणार? झाडाच्या आड, उसाच्या आड, धुळीच्या आड. तात्याबा पाठ करून बसला असला तरी सांगायचा, कुठली मेंढी खोकली, कुठलं कोकरू आईला चुकलं आणि कुठल्या अंगाला चुकलं. त्याचा पोरगा बिरदेव म्हणायचा, "आमचा बा म्हंजी टावर हाय. समद्या खांडीची रेंज एकटा पकडतोय."

त्या साली रस्त्यानं जाताना मागनं उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रेलर, आणि टपावर माणसाएवढे स्पीकर. गाणं असं काही फुटलं की मेंढरं बुजून वाट फुटेल तिकडं पळाली. बाकीची गोळा झाली, बाशिंग्या तेवढा उसात घुसला तो घुसलाच.

त्यानंतर एका सकाळी तात्याबा उठला तो कान टवकारूनच.

"भामे, घाटी ऐकू येतीया का गं?"

भामाबाई, त्याची बायको, चुलीपुढं बसली होती. "कुठं?"

"ही काय. ह्या अंगाला."

तिनं डावीकडं बघितलं. तिकडं खोडव्याचं रान आणि त्यात चार कावळे. "आवं, काय सुदीक न्हाई तिकडं."

तात्याबानं ऐकलं नाही. चहा तसाच ठेवून तो उठला आणि पार नदीपर्यंत चालत गेला. घाटी ना जवळ आली ना लांब गेली. त्याबरोबर आणखी एक झालं होतं. डाव्या कानात दडा बसला होता, पोहताना पाणी जाऊन बसावं तसा. मान तिरपी करून उड्या मारल्या, बोट घालून हलवलं, काही निघालं नाही. माघारी आल्यावर भामाबाई डाव्या बाजूनं बोलली तर ह्यानं मानसुद्धा वळवली नाही.

"बहिरं झालासा का काय? चला पलूसला, दवाखान्यात दावू."

"देवाच्या हाकंला दवाखाना कशाला?"

"आवं, पर कानात काय गेलं असंल तर?"

"बाशिंग्या गेलाय कानात. त्यो घावला की निघंल."

कानाला औषध लागू पडलं असतं तर ते त्याच दिवसांत. ते दिवस तात्याबानं मेंढा हुडकण्यात घातले. हे त्याला फार पुढं कळलं.

पायाला फडकं बांधून तो हिंडला. कृष्णेच्या काठानं, कारखान्याच्या रस्त्यानं, दिसेल त्या बिऱ्हाडाला विचारत. कानात घाटी, डोळ्यात माती. मधेच थांबून तो गोल फिरायचा, आवाज कुठनं येतोय ते बघायला. लोकांना वाटायचं, म्हातारा घेऊन आलाय. एका वस्तीवर एका बाईनं मायेनं लसूण घालून उकळलेलं तेल त्याच्या कानात ओतलं. तात्याबा लोळला. कान आतून भाजला, दोन-चार दिवस पू वाहिला. घाटी होती तशीच.

शेवटी वाळव्याकडनं धुळाचा फोन आला. धुळाही मेंढकाच, लांबचा पाव्हणा. "तात्याबा, तुझा देव माझ्या खांडीत येऊन बसलाय गड्या. माझ्या समद्या मेंढ्या त्येला पसंत पडल्यात. लवकर ने, न्हाईतर पुढच्या साली समदी कोकरं तुझ्याच देवाची हुतील!"

बाशिंग्या आला. आसपासची बिऱ्हाडं गोळा झाली. भंडारा उधळला, ढोल निघाले. तात्याबाला मधोमध बसवला. कुणीतरी म्हणालं, देवाचा ढोल आत गेला की दडा फुटतो. मग दोघं गडी त्याच्या डाव्या कानाला खेटून उभे राहिले आणि अंगात वारं आल्यासारखे बडवत सुटले. एकेक टिपरू डोक्यात खुंटी ठोकावी तसं आत जात होतं. तात्याबानं दात दाबून धरले.

ढोल थांबले. भामाबाईनं बाशिंग्याच्या गळ्यातली घाटी सोडली, फडक्यात बांधली आणि देवाच्या टोपलीत ठेवली. घाटी आता वाजायची नाही, म्हणजे हाकही यायची नाही, असा सरळ हिशेब. सगळं शांत झालं. मेंढरंसुद्धा गप झाली.

"थांबली का रं?" धुळानं विचारलं.

सगळ्यांचे डोळे तात्याबावर. बिरदेवनं मोबाइल वर धरलेला, गावाकडं व्हिडिओ चाललेला. आणि तात्याबाच्या कानात घाटी नव्हती आता. घाटी परवडली असती. कुकरची शिट्टी वर जाऊन तिथंच अडकावी तसा बारीक, लांबलचक आवाज चालला होता, आणि त्याला श्वास घ्यायलाही सवड नव्हती.

देव घरी आला. तरी वाजतंय. म्हणजे खोट देवात नाही, माझ्यात आहे. एवढं त्याच्या मनात येऊन गेलं.

"थांबली," तात्याबा म्हणाला.

पुन्हा भंडारा उधळला. पुन्हा ढोल.

खोटं एकदा बोललं की ते रोज पोसावं लागतं. कुणी विचारलं की "झ्याक हाय" म्हणायचं. तेवढ्यावर भागलं असतं. पण खरी गाठ शांततेशी होती. दिवसा मेंढरांची ओरड, रस्त्यावरची वाहनं, ह्यात तो आवाज जरा बुडायचा. जेवणं झाली, चूल विझली, माणसं निजली की तो उगवायचा. सगळा जन्म ज्या माळाच्या शांततेत काढला, ती शांतताच त्याच्या अंगावर यायला लागली. ऐन झोपेच्या वेळी तो घोंगडं घेऊन रस्त्याच्या कडेला जाऊन पडायचा, ट्रकच्या आवाजात. जेवण तुटलं. इमानी कुत्र्याला त्यानं उगाच लाथ घातली. भामाबाई एकदा चुलीकडं बघतच म्हणाली, "देव घरात आला आन माणूस गेला घरातनं."

मग बिबट्या आला.

कृष्णाकाठच्या उसात बिबटे आता कुत्र्यामांजरासारखे झालेत. दिवस मावळताना मेंढरं वाघरीत घालायची वेळ होती. वाघर म्हणजे जाळ्याचं कुंपण. त्यात मेंढरं कोंडली की मेंढका निवांत. कुत्री एकदम उठली. बिरदेव पलीकडनं ओरडला, "बा, उसाकडनं! उसाकडनं आलाय!" तात्याबानं काठी उचलली आणि जीव खाऊन पळाला. रस्त्याकडं. ऊस डावीकडं, हा उजवीकडं.

एकच कान उरला की असं होतं. आवाज कळतो, दिशा कळत नाही. जो कान जिवंत आहे त्याच बाजूनं सगळं जग बोलतंय असं वाटतं. हे तात्याबाला ठाऊक नव्हतं. तो रस्त्यावर जाऊन मोकळ्या डांबरावर काठी परजत उभा राहिला, आणि मागं वाघर फाडून बिबट्या एक गाभण मेंढी घेऊन गेला.

"मी हिकडं घसा फोडतोय," बिरदेव म्हणाला, "आन तू तिकडं कुणाला ववाळायला गेला व्हतास?"

तात्याबा फाटलेली वाघर गोळा करायला लागला. काय बोलणार? कान गेलाय म्हणावं तर देवानं बरा केला होता, सगळ्या पंचक्रोशीनं मोबाइलवर बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी बिरदेवनं काठी घेतली. बापाच्या हातातली, बापाच्या बापाची. "आजपासनं म्होरं मी. तू बिऱ्हाडापाशी बस."

बिऱ्हाडापाशी कोंबड्या बसतात, आणि दात पडलेली कुत्री.

लालासाहेबाच्या रानात मोठी विहीर. नदीवरच्या स्कीमचं पाणी पाइपातनं वरून धाडधाड विहिरीत पडायचं. बसून बसून तात्याबाला शोध लागला, की त्या पाण्याच्या धडाक्यात कानातलं ऐकू येईनासं होतं. मग तो रोज तिथं जायला लागला. काठावर बसायचा, पाय आत सोडून. तेवढा वेळ तो माणसात असायचा.

एका दुपारी लाइट गेली. पाणी थांबलं. विहीर आत गार आणि गप. आणि त्या गपपणात ती शिट्टी अशी वर आली की जणू खालच्या पाण्यातनंच येत होती. तात्याबा वाकून बघायला लागला. वाकला, आणखी वाकला. त्या घटकेला त्याच्या मनात काय होतं हे त्यालाही नीट सांगता यायचं नाही. मरावं असं नव्हतं. थांबावं, एवढंच होतं.

लालासाहेब द्राक्षाच्या मांडवात होता. त्यानं बघितलं, हाका मारल्या. "ए तात्याबा! मागं सरक! आरं, मागं सरक म्हणतो न्हवं!" म्हाताऱ्याला पत्ताच नाही. लालासाहेब धावला, मागनं सदरा धरून हिसडा मारला आणि दोघंही चिखलात उताणे पडले.

"भडव्या, मरायचं असंल तर तुझ्या माणात मर की! ह्ये प्यायचं पाणी हाय माझं!"

"मरायला न्हवतो आलो, मालक." तात्याबानं विहिरीकडं बोट दाखवलं. "लाइट गेली."

"लाइट गेली म्हणून जीव देत्यात व्हय? मग ह्या तालुक्यात कोन ऱ्हाईल का?"

"पानी थांबलं की वाजाय लागतंय."

"काय वाजाय लागतंय?"

तात्याबानं कानाला हात लावला. लालासाहेब शिवी द्यायला तोंड उघडून तसाच राहिला. मग हळू उठून बसला, ढोपराचा चिखल पुसला आणि विचारलं,

"एकात का दोनीत?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"डाव्यात. डाव्यानं ऐकायला बी येत न्हाई."

"माझ्या दोनीत वाजतंय," लालासाहेब म्हणाला. "तोफखान्यात व्हतो. गोळा सुटताना कानात कापूस घालायचा, त्यो बी ध्यान ऱ्हायलं तर. पेन्शन घिऊन आलो तवापासनं रातकिडं बसल्यात आत. घरात अंबूला वाटतंय मला रेडिओचा नाद हाय. रेडिओ लावल्याबिगर डोळा लागत न्हाई गड्या."

"वैनीस्नी सांगितलं न्हाईसा?"

"काय सांगू? येवढा फौजी गडी, आन किडा वरडतोय म्हणून रडतोय?"

तात्याबाला हसू आलं. किती दिवसांनी आलं म्हणून असेल, हसता हसता ठसका लागला, आणि तो ठसका बराच वेळ थांबला नाही. लालासाहेब दुसरीकडं बघत बसला. मग म्हणाला, "उद्या सांगलीला चल. जायाचं जायाचं म्हणत मी बी वरसं घालवली. तुझ्या निमतानं मी बी दावतो."

सांगलीत कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तात्याबाला एका बंद खोलीत बसवलं. कपाटाएवढी खोली, भिंतीला गादी लावलेली, बाहेरचं पानसुद्धा हललेलं ऐकू न येणारी. कानावर टोपणं चढवली, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. तात्याबानं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. घामानं भिजला तरी सोडलं नाही.

बाईंनी दार उघडलं. "आजोबा, मी अजून आवाज सोडलाच नाही."

"मला येतोय की."

बाई हसल्या नाहीत. स्टूल ओढून त्याच्या उजव्या बाजूला बसल्या. म्हणाल्या, "कानाच्या आत केसांहून बारीक पेशी असतात. त्या बाहेरचा आवाज मेंदूकडं धाडतात. तुमच्या डाव्या कानातल्या गेल्यात. आता तिकडनं काही येत नाही, पण मेंदू वाट बघत बसलाय. काहीच येत नाही म्हटल्यावर तो आपला आपणच आवाज काढतोय. हा देव नाही, भूत नाही, आणि तुम्ही वेडेही नाही. हा आजार लय जणांना असतो. सांगत नाहीत एवढंच."

तात्याबानं विचार केला. "म्हंजी वाघर रिकामी हाय, आन कुत्रं भुकतंय."

"तसंच. कधी झालं हे?"

"दिवाळी झाली की."

आता शिमगा तोंडावर आला होता. बाईंनी पेन खाली ठेवलं. "एका कानाचं ऐकणं असं अचानक गेलं की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत औषध मिळालं तर काही जणांचं ऐकणं परत येतं. सगळ्यांचं येत नाही. पण काही जणांचं येतं."

"तवा मी मेंढा हुडकत व्हतो," तात्याबा म्हणाला.

 त्याच्या कानात ते चाललं होतंच.

"ह्येला गोळी?"

"हा आवाज बंद करणारी गोळी नाही. कुणी देतो म्हणाला तर पैसे घालवू नका. कानात तेल नको, काडी नको. उजवा कान जपा. ढोल, डीजे, सुतळी बॉम्ब, तिथनं लांब राहायचं. आणि शांत बसायचं नाही. बारीक काहीतरी वाजत ठेवायचं, पंखा, रेडिओ, पाणी. हळूहळू मेंदू त्याकडं कान द्यायचं सोडतो. महिने लागतात. आवाज जात नाही, पण माणूस त्याच्यासंगं राहायला शिकतो." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि विहिरीजवळ गेल्यावर पुन्हा तसं वाटलं, तर त्याच घटकेला माणसाला सांगायचं. घरी, ह्यांना, नाहीतर मला फोन करायचा. मनातल्या मनात ठेवायचं नाही."

तात्याबानं लालासाहेबाकडं बघितलं. लालासाहेब छताकडं बघत होता.

"आता तुम्ही," बाई त्याला म्हणाल्या. लालासाहेबानं टोपी सारखी केली आणि परेडला निघाल्यासारखा त्या कपाटात शिरला.

संध्याकाळी बिऱ्हाडावर भामाबाई भाकरी थापत होती, बिरदेव वाघर शिवत होता. तात्याबानं बसायच्या आधीच सांगून टाकलं. "थांबलं न्हवतं. त्या दिवशी खोटं बोललो म्या."

भामाबाईचा हात थांबला. "आन भंडारा उधळला त्यो?"

"वाया गेला."

"देवाला फसवलंसा, ते तुमी आन देव बघून घ्या." तिनं भाकरी तव्यावर आपटली. "मला का फसवलंसा? मी काय म्हणलं व्हतं? पयल्याच दिशी म्हणलं व्हतं, दवाखान्यात चला!"

 बाईंनी सांगितलेलं सगळं त्यानं सांगितलं, त्या आठवड्या-दोन आठवड्यांचंही. तेही लपवलं नाही. भामाबाईनं तोंडाला पदर लावला आणि भाकरी करपली.

बिरदेव वाघरीची गाठ तशीच धरून बसला होता. "म्हंजी बिबट्याच्या टायमाला..."

"मला समदं उजवीकडनंच येतंय बाबा. तू कुठनं बी वरड."

बिरदेवनं शेजारी पडलेल्या काठीकडं बघितलं. उचलली नाही, दिलीही नाही. तात्याबानंही मागितली नाही. काठी त्याची राहिली नव्हती, आणि ह्यात कुणाचं चुकत नव्हतं. ज्याला लांडगा कुठनं आला ते कळत नाही, त्यानं खांडीच्या पुढं चालू नये.

थोड्या वेळानं तात्याबा म्हणाला, "भामे, ती घाटी दे."

"कशाला? येक वाजतीया ती पुरं न्हाई व्हय?"

"बाई म्हणल्या, भाईर कायतरी वाजत ठेवा."

भामाबाई उठली, टोपलीतलं फडकं काढून त्याच्या मांडीत टाकलं. "घ्या. वाजवा."

उन्हाळा उतरणीला लागला तशी बिऱ्हाडं माणच्या वाटेला लागली. आता बिरदेव काठी घेऊन सगळ्यात पुढं असतो. त्याच्यामागं बाशिंग्या, गळ्यात घाटी. तात्याबा त्याला उजव्या अंगाला धरून चालतो. भामाबाई घोड्याचा कासरा धरून तात्याबाच्या डावीकडनं चालते आणि मागनं गाडी आली की त्याच्या दंडाला धरून त्याला कडेला ओढते. बोलत नाही, त्या बाजूनं बोलून उपयोग नसतो.

बाहेरची घाटी वाजत असली की आतलं जरा दबतं. पण बाशिंग्या म्हातारा झालाय. हिरवं काही दिसलं की तो वाटेत थांबतो आणि मुंडी खाली घालतो. घाटी थांबते, आणि आतलं तेवढं चालू राहतं, सगळ्या माळभर पसरतं. देवाचा मेंढा, त्याला ढोसायचं नाही, ओढायचं नाही, त्याच्यावर हात उगारायचा नाही. खांड पुढं निघून जाते. तात्याबा त्याच्याशेजारी उभा राहतो, दात दाबून, तो मुंडी वर करीपर्यंत.